नववी ओळ

सरकारी छापखान्यात आमच्या टेबलाला सगळे ‘रेडिओ-चष्म्याचं दुकान’ म्हणायचे. रेडिओ म्हणजे बाई आणि चष्मा म्हणजे मी. बाई प्रतवाचक होत्या, मी मुद्रितशोधक. खात्याकडून आलेली मूळ प्रत त्यांच्या हातात असायची आणि छापून आलेलं कच्चं प्रूफ माझ्यापुढे. त्या मोठ्याने वाचायच्या, मी डोळ्यांनी जुळवत जायचो. स्वल्पविराम आला की ‘स्वल्प’, पूर्णविराम आला की ‘पूर्ण’, ओळ बदलली की ‘नवी’. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच, मध्ये अर्धा तास डबा. अशी सतरा वर्षं गेली. इतकं बोलणं माझ्या बायकोने उभ्या संसारात माझ्याशी केलं नसेल, पण बाईंच्या त्या बोलण्यातलं एक अक्षरही त्यांचं स्वतःचं नव्हतं.

दिसायला बाई साध्या. उंच, खांद्यात किंचित वाकलेल्या, गळा जपायला बारा महिने मफलर आणि जिभेखाली लवंग. लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले तेव्हा धाकटी बहीण सात वर्षांची होती, बाई एकोणीस. चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या दीड खोलीत त्यांनी तिला वाढवलं, शिकवलं, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लावलं आणि नाकीडोळी नीटस मुलगा पाहून लग्नही करून दिलं. यातलं शेवटचं काम सोडून बाकी सगळं नीट झालं.

या धंद्याचा एक नियम आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जे वाचायचं ते ऐकायचं नाही. अर्थाच्या मागे लागलं की डोळा पुढे धावतो आणि समोर नसलेला शब्दही वाचून मोकळा होतो. आमच्या म्हाताऱ्या मुख्य वाचकांनी हे बाईंना पहिल्याच आठवड्यात घोटून घोटून शिकवलं होतं. बाईंनी ते इतकं अंगी बाणवलं की मृत्युदंडाचा आदेश आणि शेळ्यांच्या लसीकरणाचं वेळापत्रक त्या एकाच आवाजात वाचायच्या. सतरा वर्षांत आमच्या टेबलावरून चूक सुटून गेल्याची तक्रार दोनदा आली, आणि त्यातली एक चूक खात्याचीच निघाली.

आपल्या सरकारने स्त्रियांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली तेव्हा तो छपाईला आमच्याकडेच आला. तीसेक कलमं. बाईंनी दीड दिवसात वाचून काढला. ‘संचाराचे समान स्वातंत्र्य, स्वल्प, विवाहात समान हक्क, पूर्ण, नवी.’ मशीनवाला दारात उभा राहून ऐकत होता. त्याने विचारलं, म्हणजे आता घरी भांडी आम्ही घासायची का. बाईंनी प्रतीवरून नजर न काढता त्याला विचारलं की घासता तरी येतात का, आणि पुढचं कलम सुरू केलं. वर्षभराने त्या कराराच्या पोटी झालेली कायद्यातली दुरुस्ती आली. पासपोर्टच्या कायद्यात विवाहित स्त्रीला पतीची लेखी संमती लागे, ते शब्द वगळले होते. तीही बाईंनी वाचली, मी जुळवली, राजपत्रात छापून आली, आणि दोघांच्याही डोक्यातून गेली.

फॉर्मचं मात्र वेगळं असायचं. फॉर्मच्या तयार प्लेटा कपाटात नंबर लावून ठेवलेल्या असत. खात्याकडून चिठ्ठी यायची, ‘फॉर्म चौदा, प्रती पन्नास हजार, पूर्वीप्रमाणे.’ पूर्वीप्रमाणे म्हटलं की वाचन नाही. जुना छापील फॉर्म डावीकडे, नवा उजवीकडे, वर पट्टी ठेवून ओळीला ओळ लावायची आणि चिठ्ठीवर दोन आद्याक्षरं करायची, एक बाईंचं, एक माझं. पाच मिनिटांचं काम. चहाच्या आधी उरकून टाकायचं.

दुरुस्तीला अकरा वर्षं होऊन गेल्यावरची गोष्ट. बाईंची धाकटी बहीण तेव्हा परत त्या दीड खोलीत राहायला आली होती. का आली, ते बाईंनी मला डबा खाताना एका वाक्यात सांगितलं होतं, ‘तो हात उचलायचा.’ नवरा मोटारींचे सुटे भाग विकणारा, बाहेर सगळ्यांशी गोड. घटस्फोटाचा दावा दोन वर्षं कोर्टात लोळत पडला होता. अशात धाकटीला परदेशातल्या एका मोठ्या रुग्णालयात प्रयोगशाळेची नोकरी मिळाली. तीन महिन्यांत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. पासपोर्ट नव्हता. ती पासपोर्टच्या कचेरीत गेली, अर्जाचा फॉर्म चौदा आणला आणि भरायला बसली. नववी ओळ होती, ‘विवाहित असल्यास पतीची संमती व सही.’

तिने निरोप धाडला. नवऱ्याचं उत्तर आलं, सही करतो की, एका पायावर करतो, आधी घरी ये.

दुसऱ्या दिवशी ती दुपारी छापखान्याच्या फाटकाशी आली. मी बाईंबरोबर होतो. नोकरी सोडून देते म्हणाली. रडत नव्हती, आणि बाईंना तेच जास्त लागलं असावं. बाईंनी फॉर्म हातात घेतला, नवव्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकदम त्यांच्या वाचायच्या आवाजात सुरू झाल्या. ‘कलम सहा, पोटकलम दोन यातील पतीच्या लेखी संमतीने हे शब्द वगळण्यात येत आहेत, पूर्ण.’ धाकटी आणि मी बघत राहिलो. ऐकलं नव्हतं म्हणतात, पण कान कुठेतरी साठवून ठेवत असणार.

बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, राजपत्राचा तो अंक काढला आणि धाकटीला घेऊन कचेरीत गेल्या. खिडकीतला कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने अंक घेतला, सावकाश वाचला आणि दोन्ही हातांनी परत दिला.

‘कायदा बरोबरच असेल, बाई,’ तो म्हणाला. ‘पण माझ्यापुढे कायदा येत नाही, फॉर्म येतो. नववी ओळ रिकामी गेली तर वरून सगळा गठ्ठा परत येतो.’

मग त्याने फॉर्मच्या अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात असते ती आमच्या छापखान्याच्या नावाची छपाईची ओळ दाखवली. छापता तर तुम्हीच, असं तो म्हणाला नाही, पण बाईंना ते ऐकू आलं.

त्या कामावर परत आल्या त्या थेट कपाटाकडे गेल्या. फॉर्म चौदाची फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. अकरा वर्षांत सात चिठ्ठ्या. सातही ‘पूर्वीप्रमाणे’. सातांवर दोन-दोन आद्याक्षरं, त्यांचं निळ्या शाईत, माझं काळ्या.

‘भाऊ, कायदा मी वाचला होता ना?’

‘वाचला होता.’

‘मग हे काय?’

‘हे आपण जुळवलं,’ मी म्हणालो.

आणि तेच खरं होतं. चुकीचा फॉर्म चुकीच्या फॉर्मशी तंतोतंत जुळतो की नाही, एवढंच आम्ही सात वेळा पाहिलं. जुळत होता. साडेतीन लाख प्रती. मी बाईंना समजावलं की फॉर्म बदलायचा तो खात्याने, छापखान्याने नाही. कायदा करणारं टेबल वेगळं, फॉर्म मागवणारं वेगळं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यात जात्याचा काय दोष. बाई चिठ्ठ्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या. मला तेव्हा त्यांचा रागच आला, कारण इतकी वर्षं माझं काम चोख आहे असं मी धरून चाललो होतो. लाज वाटली ती नंतर, घरी, बायको कुठलातरी फॉर्म भरत होती आणि ‘इथे तुमची सही हवी’ म्हणून सवयीने माझ्यापुढे सरकवत होती तेव्हा.

बाईंनी खात्याला रीतसर पत्र लिहिलं. पाच आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, ‘सदर बाब विचाराधीन आहे.’ सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे आम्हाला कोणी नव्याने सांगायला नको होतं. पण धाकटीकडे आता पुरते दोन महिनेही उरले नव्हते. नवऱ्याचे निरोप आठवड्याला एक असे येत होते आणि दर वेळी जास्त प्रेमळ होत होते. एकदा धाकटी म्हणाली, ‘ताई, महिनाभर जाऊन राहते. सही घेते आणि निघते.’ बाईंनी तिची बॅग स्वतःच्या पलंगाखाली ढकलली आणि त्या पलंगावर झोपू लागल्या. हे त्यांनी मला हसत सांगितलं, पण त्यांना झोप लागत नव्हती ते डोळ्यांवरून दिसत होतं.

त्याच सुमारास अहवाल आला. त्या करारावर सही केलेल्या देशांना दर काही वर्षांनी परदेशातल्या एका समितीपुढे हिशेब द्यावा लागतो, की बायकांसाठी तुम्ही काय काय केलंत. समितीच्या हाती पोलीस नाहीत, तुरुंग नाही. ती फक्त प्रश्न विचारते. मला या प्रकाराची नेहमी गंमत वाटायची. दर वेळी जाडजूड अहवाल छापायचा, कोट घालून विमानाने जायचं, प्रश्न ऐकायचे आणि परत यायचं. गुरुवारी सकाळी प्रत आली, सोमवारी शिष्टमंडळाचं विमान. दोनशे दहा पानं.

शुक्रवारी दुपारी बाई एक्केचाळिसाव्या पानावर होत्या. ‘प्रश्न क्रमांक तेवीस, नवी, विवाहित स्त्रियांकडून पासपोर्टसाठी पतीची संमती आजही मागितली जाते अशी माहिती समितीस महिला संघटनांकडून मिळाली आहे, पूर्ण, सध्या वापरात असलेला अर्जाचा नमुना सोबत जोडावा, पूर्ण, नवी, उत्तर, नवी, ही अट कायद्याने अकरा वर्षांपूर्वीच रद्द झाली आहे, पूर्ण, अर्जाचा नमुना परिशिष्ट सातमध्ये जोडला आहे, पूर्ण.’ त्यांनी पानं उलटून परिशिष्ट सात काढलं. तिथे खात्याने फॉर्म लावलाच नव्हता. एक चिठ्ठी टाचली होती. ‘फॉर्म चौदा, छापखान्यातील प्लेटवरून घ्यावा, पूर्वीप्रमाणे.’

बाई वाचायच्या थांबल्या. सतरा वर्षांत त्या मध्येच थांबल्या नव्हत्या, त्यामुळे शेजारच्या दोन टेबलांवरची माणसंही वळून बघायला लागली.

दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात, हे आम्ही जन्मभर छापत आलो. पण दोन्ही दात एकाच पुस्तकात, दीडशे पानांच्या अंतराने, पहिल्यांदाच येत होते. गंमत म्हणजे हे मुद्दाम कोणी केलं नव्हतं. अहवाल लिहिणाऱ्याला कायदा माहीत होता. फॉर्म त्यानेही कधी पाहिला नसणार. त्याला कशाला लागतोय.

बाईंनी लाल पेन्सिल घेतली आणि प्रुफाच्या कडेला शंका लिहिली. शंका काढणं एवढा एकच अधिकार आमच्या टेबलाला आहे. प्रतीत परस्परविरोध दिसला तर कडेला प्रश्न लिहायचा, खाली दोघांनी सह्या करायच्या, आणि खात्याने लेखी उत्तर दिल्याशिवाय तो मजकूर मशीनवर चढत नाही. फार पूर्वी एका अर्थसंकल्पात शून्य जास्त पडलं होतं, तेव्हापासूनचा नियम. बाईंनी लिहिलं, ‘पान ४१ वर अट रद्द असल्याचे म्हटले आहे. परिशिष्ट सातमधील फॉर्मच्या नवव्या ओळीत अट आहे. कोणते ठेवावे?’

सही करून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं मी म्हणालो. सोमवारी विमान आहे, अहवाल अडकला तर आपली मान अडकेल, असंही म्हणालो.

‘भाऊ,’ बाई म्हणाल्या, ‘सात वेळा विचार न करता सही केलीत. आता एकदा विचार करून करा.’

मी विचार केला असं म्हणवत नाही. चहा येईपर्यंत कागद तसाच पडून होता, मग मी सही केली. मी शूर नाही. पण शंका बरोबर होती, आणि बरोबर शंकेवर सही नाकारायची तर सतरा वर्षं तिथे बसलो कशाला.

शनिवारी सकाळी दहाला उपसचिव स्वतः आले. त्यांची गाडी छापखान्याच्या आवारात कधी आली नव्हती, पहारेकऱ्याला फाटकाचं दुसरं दार उघडायला दहा मिनिटं लागली. साहेब सभ्य होते. आमच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, परिशिष्ट सात काढूनच टाकू या. बाई म्हणाल्या की चालेल, मग पान एक्केचाळीसवरचं ‘जोडला आहे’ हे वाक्यही काढावं लागेल, आणि वरचा प्रश्न तर समितीचाच आहे, तो काढता येणार नाही. साहेबांनी प्रश्न पुन्हा वाचला. मग म्हणाले, बरं, एक करा, या अहवालापुरती ती ओळ झाकून छापा.

‘फॉर्मची प्लेट एकच असते, साहेब,’ बाई म्हणाल्या. ‘तिच्यातली ओळ काढायला खात्याचा हुकूम लागतो. हुकूम आला की जुनी प्लेट रद्द करून खोडायची आणि जुना साठा परत मागवायचा, असा आमचा नियम आहे. तुम्ही लिहून द्या, आम्ही लगेच काढतो.’

त्या हे त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, शेळ्यांच्या लसीकरणाच्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, नियम आहे खरा. साहेब बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. ते कुठे बघत होते कळत नव्हतं, पण परदेशातल्या त्या मोठ्या खोलीत आपल्या हातात फॉर्म चौदा आहे आणि समोर बसलेली कोणी बाई नववी ओळ मोठ्याने वाचते आहे, असं काहीतरी त्यांना दिसत असावं. नाक दाबलं की तोंड उघडतं. अकरा वर्षं जे विचाराधीन होतं त्याचा हुकूम साहेबांनी आमच्या टेबलावर, माझ्या पेनाने, चार ओळींत लिहिला. मग विचारलं की ही शंका काढली कोणी. बाई म्हणाल्या, टेबलाने.

त्या दिवसापासून त्या समितीला मी हसत नाही. अधिकार शून्य आणि शंका काढायची मुभा, म्हणजे तीही आमच्याच धंद्यातली निघाली.

दुपारी नवी प्लेट आली. बाईंनी फॉर्म जुळवला नाही, पहिल्या ओळीपासून वाचला. बावीसच्या एकवीस ओळी झाल्या होत्या आणि नववीत आता जन्मठिकाण होतं. जुनी प्लेट त्यांनी स्वतः खिळ्याने आडवी-उभी खोडली. मशीनवाला म्हणाला, बाई, पुरे, मेली ती. त्या थांबल्या नाहीत.

त्यानंतर बाईंचं वाचन बिघडलं, हेही सांगायला हवं. त्या ऐकायला लागल्या. एखाद्या कलमाशी आवाज अडखळायचा, कधी त्या मागे जाऊन तेच पुन्हा वाचायच्या, आणि अर्थाच्या नादात स्वल्पविराम खायच्या. माझं काम दुप्पट झालं. म्हातारे मुख्य वाचक असते तर त्यांनी बाईंना गोदामात पाठवलं असतं. मी दोन-तीनदा बोललो. त्या म्हणाल्या, आता नाही जमत, भाऊ.

नवा फॉर्म कचेरीत पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटी गेली. बाईंनी मलाही बरोबर नेलं, पण स्वतः आत आल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. त्यांना भीती वाटत होती, आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आत तोच कारकून होता. बोट एकेका ओळीवरून खाली नेत तो नवव्या ओळीशी आला आणि सवयीने म्हणाला, नवऱ्याची सही?

‘कुठे करायची ते दाखवा,’ धाकटी म्हणाली.

त्याने फॉर्म वरून खाली पाहिला, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा सरळ केला. मग तळाची छपाईची ओळ आणि महिना वाचला, आणि शिक्का मारला. तीन आठवड्यांनी या, म्हणाला. हजर व्हायला पाच राहिले होते.

आम्ही बाहेर आलो. धाकटीने ताईपुढे पावती धरली. बाईंनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, ओठ हलत होते, आणि मग त्या रडायला लागल्या. धाकटी आता खरंच जाणार, दीड खोलीत आपण एकट्या उरणार, हे त्यांना कळलेलं असणार. मला तर ते त्या शुक्रवारीच, शंकेवर सही करताना कळलं होतं. धाकटी त्यांच्या पायांशी जमिनीवर बसली आणि मफलर सारखा करत राहिली. मी दुसरीकडे बघितलं.

त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती. चाळिशीची, हातावर कपडे रंगवतात त्या कामाचे निळे डाग. मांडीवर फॉर्म, बावीस ओळींचा, जुना, सगळा भरलेला, नववी ओळ तेवढी रिकामी. घडीवर कागद फाटायला आला होता, म्हणजे बरेच दिवस ती तो घेऊन येत असावी. साठा परत मागवला तरी माणसांच्या पिशव्यांतले फॉर्म कोण परत मागवणार. पुढे लांबच्या कचेऱ्यांतून तर दीड-दोन वर्षं जुनाच फॉर्म चालला, हे आम्हाला पत्रांवरून कळत राहिलं.

बाईंनी डोळे पुसले आणि तिच्याकडे सरकल्या.

‘हा जुना आहे,’ त्या म्हणाल्या. ‘आत नवा मिळतो. त्यात ही ओळ नाही.’

त्या बाईने आधी बाईंकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

‘मग सही कोणाची?’ तिने विचारलं.

‘तुमची.’

तिने पिशवी खांद्याला लावली. मग उठली, आत गेली, आणि नवा फॉर्म घेऊन आली. बाकावर बसून तिने तो बोटाने ओळ मोजत वाचला. लिहायला घेण्याआधी तिने जुना फॉर्म नीट घडी करून पिशवीत परत ठेवला, लागला तर असावा म्हणून.